बिनधुराचं भरीत

रविवारच्या पुरवणीत या आठवड्यात शरद ऋतूतल्या पाककृती आल्या आहेत. साध्या, सोप्या आणि लिहिणाऱ्या बाईंच्या मते अगदी नव्या. दूध नको, तूप नको, गॅस पेटवायला नको. मोडाचे मूग, पेरूच्या फोडी, ओल्या शेंगदाण्यांची चटणी, सीताफळाचा गर. शेजारी काचेच्या भांड्यात सगळं मांडून काढलेला रंगीत फोटो, आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'या ऋतूत विस्तवाला सुट्टी द्या!' मी पुरवणीची घडी करून ती फ्रिजवर ठेवली. मग खाली घेऊन पुन्हा वाचली. बाईंचं काही चुकलेलं नाही. सगळी मापं बरोबर आहेत, फक्त आवळा किसल्यावर त्याला पाणी सुटतं हे त्यांनी लिहिलेलं नाही. ते मला ठाऊक आहे, कारण आमच्या घरी विस्तवाला एकदा चौतीस दिवस सुट्टी होती.

शरद म्हटलं की पुस्तकांत चांदणं पडतं. आमच्या खान्देशात आधी उकाडा पडतो. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि मधल्या दिवसांत जमीन नुसती वाफ सोडत बसते. अंगणातल्या चिखलाला भेगा जातात. कापसाची पहिली बोंडं उकलतात, तिळाच्या पेंढ्या उन्हात उभ्या केलेल्या असतात, मुगाची टरफलं वाऱ्याने घराघरांत शिरतात. दुपारी माणूस वैतागतो आणि संध्याकाळी एकदम, काही कारण नसताना, उदास होतो. जळगावला आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ही संध्याकाळ खिडकीतून थेट आत येते. मला हा ऋतू आवडत नाही, हे मी शाळेत कधी बोलून दाखवत नाही. विज्ञानाच्या बाईंनी ऋतूवर रागवावं हे काही बरं दिसत नाही.

माझे वडील आचारी होते. गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणायचे. धुळ्यात पांझरा नदीच्या अलीकडे आमच्या दोन खोल्या होत्या, पण नाना घरात कमी आणि लोकांच्या मांडवात जास्त. साक्री, पिंपळनेर, शिरपूर, अमळनेर, कुठेही लग्न असलं की मांडवामागे विटांची मोठी चूल आणि चुलीपुढे गुडघे मोडून बसलेले नाना, असं लोक सांगायचे. आणि हिवाळा लागला की भरीत. शेतात पंगती बसायच्या, त्यासाठी त्यांना आधीपासून सांगून ठेवायचे. कापूस वेचून झाला की शेतात जी वाळकी झाडं उरतात, त्यांना आमच्याकडे पऱ्हाट्या म्हणतात. त्या पेटवून त्यांच्या धगीत हिरवी, मोठाली वांगी भाजायची. साल काळी ठिक्कर पडली की सोलायची, लाकडी बडगीत ठेचायची, मग वरून कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, दाणे, कोथिंबीर. हे सगळं कुणालाही जमतं. नानांचं कसब होतं ते धुरात. वांगं धगीत किती ठेवायचं आणि धुरात किती, हे ते घड्याळाशिवाय, नुसत्या नाकाने ठरवत. त्यांच्या सदऱ्याला, केसांना, उशीच्या अभ्र्यालाही तोच वास होता. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच वडलांना धुराचा वास येतो.

मी आठवीत होते. त्या पावसाळ्यात नानांचे डोळे पिवळे झाले. आधी कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध झालं, मग मोठ्या दवाखान्यात नेलं. यकृत कामातून गेलंय, असं काहीतरी बोलणं कानावर आलं. डॉक्टरांनी मायला बाजूला घेऊन आणखीही काही सांगितलं. माय बाहेर आली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "चाल घर." मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. आमच्या घरात न विचारायची सवय बहुधा तेव्हापासूनची.

मग कुणीतरी चाळीसगावच्या एका निसर्गोपचारवाल्या गुरुजींचं नाव सांगितलं. मायने नानांना आणि मला घेऊन चाळीसगावची पॅसेंजर पकडली. गुरुजी निवृत्त शिक्षक होते, पांढरे कपडे, मागे पेरूची बाग. त्यांनी नानांचे डोळे पाहिले, जीभ पाहिली, धंदा विचारला आणि धंदा ऐकून मान हलवली. "पंचवीस वर्षांचा धूर साठलाय यांच्या अंगात," ते म्हणाले. "चाळीस दिवस विस्तवाला शिवलेलं काही पोटात जाता कामा नये. चहासुद्धा नाही. दूध, तूप, तेल, मीठ बंद. आणि धूर तर नाकातही जायला नको. एक दिवस मोडला तर सगळं मोडलं म्हणून समजा." मी वहीत लिहून घेत होते. 'धूर नाही' याच्याखाली मी दोन रेघा मारल्या. गुरुजींनी पैसे घेतले नाहीत, उलट पिशवीभर पेरू दिले. भले गृहस्थ होते. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे मला कुणावर तरी रागवायचं होतं, आणि त्यांच्यावर रागवता येत नव्हतं.

परतीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा फलाटावर एक जण भजी सोडत होता. नानांनी नाक वर केलं, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तेल तपनं नही." मग गाडीत बसल्यावर खिडकीच्या गजाला डोकं टेकून झोपले.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला आमचे चाळीस दिवस सुरू झाले. वसुबारसेच्या आधी ते संपणार होते. मायने कॅलेंडरवर बोट ठेवून मला दाखवलं, "दिवाळीनं फराळ खातीन नाना." नानांनी चाळीस दिवस धड काढावेत आणि दिवाळीला आमच्यात बसून करंजी खावी, एवढीच त्या घराची मागणी होती. त्यासाठी मायने चूल बंद केली, स्टोव्ह पोत्यात बांधून माळ्यावर टाकला. घरात फोडणीचा वास नको, धूर नको. आम्ही दोघी दुपारी शेजारच्या अक्कांच्या ओट्यावर भाकरी खायचो आणि रात्री नानांच्याच ताटातलं, कच्चं.

न पेटलेली चूल मायला सहन होत नसे. कुठल्या घरात चूल पेटत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या संध्याकाळी ती चुलीपुढे बराच वेळ बसून राहिली. मग उठून देवापुढचं निरांजन आणलं आणि चुलीच्या तोंडात, थंड राखेवर ठेवलं. नानांना ते अंथरुणावरून दिसत होतं. "काय रांधी राहिनी?" त्यांनी विचारलं. माय हसली. त्या दिवसांतलं तिचं तेवढंच हसणं मला आठवतं. नंतर रोज दिवेलागणीला तो दिवा चुलीत लागायचा.

नानांचं खाणं मात्र माझ्याकडे आलं. मायच्याने ते होईना. भाकरी थापणारा हात तिचा, तो काकडी चिरून नवऱ्यापुढे ठेवायला तयार नव्हता. "ढोरेसले टाकतस तसं मानूसले कसं देऊ मी?" असं ती अक्कांना म्हणाली, ते मी ऐकलं. म्हणून मग शाळेतून आल्यावर मी पाटा घेऊन बसायचे आणि नाना पडल्यापडल्या शिकवायचे. त्यांना मी कधी मांडवात काम करताना पाहिलं नव्हतं, मुलींना तिकडे नेत नसत. त्यांचा हात कसा चालतो हे मला कळलं ते तो हात चालायचा बंद झाल्यावर.

ओल्या भुईमुगाचे दाणे वाटताना पाणी घालायचं नाही, दाण्याचं स्वतःचं दूध सुटेपर्यंत थांबायचं. मीठ नाही ना, मग आवळा किसून घाल, पण किस पिळून घे, नाहीतर चटणी रडते. हा त्यांचा शब्द, 'रडते'. कोवळी मेथी हाताने तोडायची, विळीने चिरली की कडू होते. तिच्यात कांद्याची पात, दाण्याचं कूट आणि लिंबू मिसळलं की तिचा घोळाणा होतो. तो तर आम्ही एरवीही भाकरीबरोबर खात होतो. मोडाच्या मुगात मुळा किसून, पेरूच्या बारीक फोडी घालायच्या, पण पेरू अर्धा कच्चा हवा. केळं कुस्करून त्यात सीताफळाचा गर आणि न भाजलेले तीळ. "बारीक नको करू," ते म्हणायचे. "दात चालतीन तं पोटले वाटी जेवन चालू शे." हे त्यांनी गमतीने सांगितलं होतं. मी मात्र ते वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

पहिले दहा-बारा दिवस त्यांना खरंच बरं वाटत होतं. निदान आम्हाला तसं दिसत होतं. ते भिंतीला टेकून बसायचे, माझ्या चटणीला नावं ठेवायचे. मी शाळेत सहामाही परीक्षेचे पेपर लिहिताना मनातल्या मनात संध्याकाळचं ताट ठरवायचे. गणिताचं काय झालं ते विचारू नका.

तेच दिवस गुलाबाईचे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या गल्लीतल्या पोरी रोज संध्याकाळी मातीची गुलाबाई मांडून एकेकीच्या दारी गाणी म्हणायच्या आणि शेवटी ज्या घरी बसल्या असतील तिथली खिरापत ओळखायची. डबा झाकून आणायचा, हलवायचा, आणि आवाजावरून, वासावरून सगळ्यांनी ओळखायचं काय आहे ते. आचाऱ्याच्या घरची खिरापत म्हणून माझ्या दिवसाची पोरी वर्षभर वाट बघत. त्या वर्षी मी डब्यात मोडाचे मूग, किसलेला आवळा आणि केळ्याच्या चकत्या भरून नेल्या. डबा हलवला तर आवाज नाही, हुंगला तर वास नाही. शेव, शंकरपाळे, चिवडा, लाडू, सगळं म्हणून झालं. मी झाकण काढलं. एक पोरगी म्हणाली, "ही तं पेशंटनी खिरापत!" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी येऊन नानांना सांगितलं की कुणालाच ओळखता आली नाही. त्यांना ते फार आवडलं. "मंग?" ते म्हणाले, "आचारीनी पोर शे तू."

अठ्ठाविसावा दिवस. कोजागिरी दोन दिवसांवर आलेली. नानांची तोवर खाण्यावरची वासनाच उडाली होती. ताटातलं दोन घास चिवडून बाजूला करायचे, पोट फुगलेलं, हात काड्यांसारखे. बोलणंही कमी झालं होतं. त्या दिवशी दुपारी अक्कांकडे त्यांचा जावई आला होता, आणि बाजारात भरिताची पहिली वांगी आली होती. अक्कांनी मागच्या बाजूला, आमच्या भिंतीपासून जमेल तितक्या लांब, गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्या पेटवल्या. पावसात भिजून वाळलेल्या त्या काड्या, आगीपेक्षा धूरच जास्त. माय खिडक्या लावत सुटली. पण धूर का खिडकीला विचारून येतो? मी आत गेले तेव्हा नानांनी तोंड भिंतीकडे केलेलं होतं. मला वाटलं झोपले. मग दिसलं, ते श्वास घेत होते, लांब लांब, नाकाने, थांबून थांबून.

त्यांनी माझ्याकडे काही मागितलं नाही. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. त्यांनी मागितलं नव्हतं, मीच केलं.

एक जून काकडी घेतली, पिकायला आलेली, जाड सालीची. ती सोलून, बिया काढून, वांग्यासारखी ठेचली, पाणी पिळून काढलं. कांद्याची पात, हिरवी मिरची, लसणाची एक पाकळी, दाणे, कोथिंबीर, लिंबू. हे सगळं चालत होतं, वहीप्रमाणे. मग ती वाटी ओढणीखाली घेऊन मी अक्कांच्या मागच्या अंगणात गेले. अक्का वांगी उलटत होत्या. "डोयामा धूर जाई, सरक तिकडे," त्या म्हणाल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. मी वाटी धुरावर धरली. हात भाजेपर्यंत धरली. वरून तिथलंच एक पातेलं उपडं झाकलं, जसं नाना लोकांना सांगायचे तसं, मनात शंभरपर्यंत मोजलं. मला वाटलं, विस्तवाला तर हे शिवलेलं नाही. आणि वहीत 'धूर नाही' याच्याखाली मारलेल्या दोन रेघा मला तेव्हा आठवत नव्हत्या, असं मी म्हणणार नाही. चांगल्या आठवत होत्या.

नानांनी पहिला घास घेतला आणि थांबले. माझ्याकडे पाहिलं. इतके दिवस पिवळे झालेले ते डोळे, त्यांत मी काय पाहिलं ते मला नीट सांगता येत नाही. मग ते खात राहिले, सगळी वाटी. शेवटी म्हणाले, "आजून शे का?"

"नही नाना," मी म्हणाले.

मी वाटी उचलायला हात पुढे केला तर त्यांनी ती छातीशी धरली. "ऱ्हाऊ दे. तुन्ही माय लई जाई."

कोजागिरीला गल्लीत गच्च्यांवर दूध आटत होतं आणि नानांना ताप भरला. पोरी गुलाबाई बुडवायला नदीवर गेल्या, मी गेले नाही. चौतिसाव्या दिवशी सकाळी नाना गेले.

त्या दिवशी संध्याकाळी मायने चुलीत दिवा लावला नाही. घरात कुणी गेलं की आमच्याकडे चूल पेटवत नाहीत, शेजारी भाकरी आणून देतात. आमची तर पेटलेलीच नव्हती. अक्कांनी भाकरी आणि पिठलं आणलं, माझ्यापुढे ठेवलं. गरम होतं. मीठ होतं, तेल होतं. मी खाल्लं. दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि त्या मला गोड लागल्या. समोर माय बसली होती, तिने घासही उचलला नव्हता, ती माझ्याकडे बघत होती. तिच्या त्या बघण्याचा अर्थ मी एकच लावला. तिला ठाऊक आहे. वाटी तिनेच धुतली होती.

तेरा वर्षं झाली. दर वर्षी सातवीला पचनसंस्थेचा धडा येतो. मी फळ्यावर यकृत काढते, उजव्या बाजूला, पाचरीच्या आकाराचं. त्याला काय झालं म्हणजे माणूस वाचत नाही, हे मला नीट कळतं. वाटीभर काकडीवर धरलेल्या धुराने कुणी मरत नाही, हे मी कुठल्याही मुलाला पटवून देऊ शकेन. स्वतःला पटवायचं म्हटलं की मात्र वहीतल्या त्या दोन रेघा आडव्या येतात. 'एक दिवस मोडला तर सगळं मोडलं.' शाळेतले शिक्षक दर थंडीत भरीत-पार्टी करतात. मला धुराची अॅलर्जी आहे असं मी सांगते, आणि कुणाला ते खोटं वाटत नाही.

मायनेही भरीत सोडलं. नवरा गेल्यावर त्याची आवडती गोष्ट बायका सोडतात, तसंच हे, असं सगळ्यांनी धरलं. ती पापड लाटते, लोकांच्या कुरडया करते, घरी वांग्याची भाजीसुद्धा करते. पण कुणी डब्यातून भरीत पाठवलं तर झाकण न काढता पुढच्या घरी देते. आणि आम्ही दोघी भेटलो की अक्कांचे गुडघे, नळाचं पाणी, माझी बदली, असल्या विषयांवर तासन्‌तास बोलतो. नानांचे ते चाळीस दिवस, म्हणजे चौतीस, आमच्या बोलण्यात कधी आले नाहीत.

माय दसऱ्यानंतर आली आहे, चार दिवस राहील. पुरवणी तिने चाळली, तिला वाचता येतं थोडंफार. फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "हाई तं तू तवय करे." एवढंच. मग निवडायच्या मेथीकडे वळली.

मी का उठले ते मला सांगता येणार नाही. फ्रिजमध्ये काकडी होती, जून. सोलली, बिया काढल्या, ठेचली, पिळली. पात, मिरची, लसूण, दाणे, कोथिंबीर, लिंबू. मीठ घालायला हात गेला आणि परत आला. ही पाककृती त्या बाईंच्या पुरवणीत नव्हती. वाटी मायपुढे ठेवली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती आणि खिडकीतून ती उदास, कोमट हवा येत होती. तिने वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे नाही. एक घास घेतला. सावकाश चावला.

"याले धूर नही," ती म्हणाली.

मी सव्वीस वर्षांची आहे, नोकरी करते, संसार करते. पण त्या क्षणी मी आठवीतली पोर झाले. "कसला धूर?" मी विचारलं.

"त्या दिनना वाटीले व्हता." तिने दुसरा घास घेतला नाही. "तुन्हा नानानी वाटी मन्हा हातमा दिधी. म्हने, चाटी देख. मी बोट फिराईसन देखं. मंग म्हने, पोरले काही बोलू नको."

"आणि तू बोलली नाहीस."

"नही."

"तेरा वर्षं."

"माले तुन्हा राग व्हता," माय म्हणाली. असं साधं, मेथीची जुडी महाग झाली म्हणावं तसं.

मग माझ्या तोंडून ते निघालं, जे मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. की मला माहीत आहे, मीच मोडलं, सहाव्या दिवशी ते गेले, माझ्यामुळे गेले. माय माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते आश्चर्य होतं, हे कळायला मला वेळ लागला.

"येडी शे का तू?" ती म्हणाली. "डॉक्टरेसनी तं पहिलेच हात टेकेल व्हतात. धूरनी काय व्हनार व्हतं त्याले?"

"मग राग कसला?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. खाली रस्त्यावर कुणाच्या तरी दारात पोरी गाणी म्हणत होत्या. शहरातही अजून बसवतात गुलाबाई.

"त्या दिन सकायमा त्यानी माले मांगेल व्हतं," ती म्हणाली. "घासभर भरीत दे म्हने. घासभरच. मी म्हनं, बारा दिन ऱ्हायनात, मंग पोटभर देसू. माले मालूम व्हतं बारा दिन नही शेतस त्यानाकडे. तरी मी दिधं नही." ती थांबली. "तू दिधं, सुमी. मी दिधं नही."

मी तिच्याजवळ खाली बसले. मी दिलं म्हणून तेरा वर्षं जळत राहिले आणि तिने दिलं नाही म्हणून ती. त्या दिवशी मी दोन भाकऱ्या खाताना ती माझ्याकडे का बघत होती, ते आता मला कळलं. माझ्या पोटातली भूक तिला दिसत होती, आणि ज्याची भूक तिने परत पाठवली त्याला दुपारीच नदीवर पोचवून आले होते. एकाच घरात, एकाच वाटीवरून, आम्ही दोघी दोन टोकांचे अपराध घेऊन बसलो होतो आणि एकमेकींना नळाचं पाणी किती वाजता येतं ते विचारत होतो. फार वाईट वाटलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

मायने वाटी माझ्याकडे सरकवली. "याले धूर देता येस का?"

मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. शेगडी, खाली सिलिंडर, स्वच्छ निळी ज्योत. तिसऱ्या मजल्यावर पऱ्हाट्या कुठून आणायच्या? "गॅसला धूर नसतो माय," मी म्हणाले.

"असू दे," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी ते तसंच, बिनमिठाचं आणि बिनधुराचं, एका वाटीतून संपवलं. शेवटी तिने वाटीतून बोट फिरवलं, तोंडात घातलं आणि डोळे मिटून बराच वेळ तसंच ठेवलं. मी वाटी उचलायला हात पुढे केला, तर तिने ती छातीशी धरली.